शस्त्रक्रियांचा आकडा आणि आयुष्यांचा हिशेब

आरोग्य खात्याच्या प्रगतीचे तक्ते जेव्हा प्रसिद्ध होतात तेव्हा त्यांत बालकांच्या मोफत हृदयशस्त्रक्रियांचा आकडा अभिमानाने दिलेला असतो. तो जाहिरातीत येतो, पालकमंत्र्यांच्या भाषणात येतो, आणि छातीवर ताजा व्रण असलेली मुले रांगेत बसवून काढलेल्या छायाचित्राखालीही येतो. हा आकडा खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. ज्या आईबापांचे मूल त्या रांगेत बसलेले असते त्यांच्या दृष्टीने तो आकडा नसून जीवदान असते, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न पुढचा आहे. त्या छायाचित्रातली मुले दहा वर्षांनंतर कोठे असतात? त्यांच्यापैकी किती हयात असतात, किती शाळेत टिकतात, किती जणांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज होती आणि ती किती जणांना मिळाली? या प्रश्नांची उत्तरे देणारा रकाना त्या तक्त्यांत नसतो. तो नाही याची खंत राज्यकर्त्यांना नाही, आणि विरोधकांनीही ती फारशी बाळगलेली नाही.

जन्मजात हृदयदोष ही काही विरळा आपत्ती नव्हे. दर हजार जिवंत जन्मांमागे आठ ते नऊ बालकांच्या हृदयाच्या घडणीत काही ना काही दोष असतो. हे प्रमाण श्रीमंत देशांत आणि गरीब देशांत फारसे वेगळे नाही; वेगळे असते ते त्यापुढचे सारे. भारतात दरसाल दोन लाखांहून अधिक बालके असा दोष घेऊन जन्मतात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपाय लागतो. म्हणजे दर वर्षी चाळीस हजारांवर कुटुंबे अशा प्रसंगाला सामोरी जातात, की ज्यात उपचार उपलब्ध असणे आणि नसणे यांतले अंतर हेच जीवन आणि मृत्यू यांतले अंतर असते.

यांतील एकच दोष उदाहरणादाखल पाहावा. काही बालकांत महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतच घोटाळत राहते. गर्भावस्थेतली एक लहानशी वाहिनी जन्मानंतर काही दिवस उघडी असते तोवर मूल तग धरते. ती मिटू लागली की ते निळे पडू लागते. उपचारांवाचून यांतली बहुतेक बालके पहिला वाढदिवस पाहत नाहीत. उलट पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही रोहिण्या कापून योग्य जागी जोडल्या, तर अनुभवी केंद्रांत त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले जगतात आणि मोठी होतात. ही आठवड्यांची मुदत डॉक्टरांच्या सोयीने ठरलेली नाही. हृदयाचा डावा कप्पा फुप्फुसांपुरते हलके काम करीत राहिला की दुबळा होतो, आणि मग सबंध शरीराचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. मुंबईत जन्मलेल्या बाळाला ही मुदत पुरते. गडचिरोलीत किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागात जन्मलेल्या बाळाची मुदत निदान, वाहन आणि खाट यांची वाट पाहण्यात संपून जाते.

परंतु वेळेवर शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रश्न मिटला, हा समज सर्वांत घातक आहे. कारण सगळी सरकारी योजना त्याच समजावर उभी आहे. मोडलेले हाड जुळावे तसे हृदय एकदा दुरुस्त झाले की कायमचे दुरुस्त झाले असे या क्षेत्राचा इतिहास सांगत नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ब्लेलॉक या शल्यचिकित्सकाने एका निळ्या पडलेल्या मुलीच्या हृदयाबाहेरील रक्तवाहिन्यांची जोडणी केली आणि या शाखेचा पाया घातला गेला. कल्पना हेलन टाउसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची होती, आणि प्रयोगशाळेत ती तंत्रदृष्ट्या सिद्ध करणारे हात विव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाचे होते. शस्त्रक्रियेला नाव मात्र पहिल्या दोघांचेच मिळाले, आणि थॉमस यांना विद्यापीठाची सन्माननीय पदवी मिळायला १९७६ साल उजाडावे लागले. श्रम एकाचे आणि कीर्ती दुसऱ्याची ही रीत शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी थांबत नाही, एवढे यावरून कळते.

१९५४-५५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात लिलेहाय यांनी मुलाचे रक्ताभिसरण आई किंवा बापाच्या अभिसरणाशी जोडून उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रिया केल्या. अशा ४५ रुग्णांपैकी २८ घरी गेले. तीस वर्षांनंतर, १९८६ साली, त्याच लिलेहाय यांनी त्यांतले किती जण हयात आहेत याचा हिशेब प्रसिद्ध केला. तेव्हा २२ जण जिवंत होते. इथे नोंद घ्यावी ती धाडसाची नव्हे, हिशेबाची. ज्याने छाती उघडली त्याने तीस वर्षांनंतर आपल्या रुग्णांचा शोध घेतला. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार दोषांच्या समुच्चयाची, म्हणजे 'टेट्रॅलॉजी'ची दुरुस्ती होऊन वाचलेल्या १६३ रुग्णांपैकी ३२ वर्षांनंतर ८६ टक्के हयात होते. त्याच वयाच्या सामान्य लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होते. हे यश मोठेच आहे. पण मधले दहा टक्के कोठे गेले, हे त्यातूनच शोधले गेले. दुरुस्तीनंतर फुप्फुसाकडची झडप गळत राहते, उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणत जातो, ठोक्यांची लय बिघडते, आणि धडधाकट दिसणारा तरुण एखाद्या दिवशी अचानक कोसळतो. वेळीच तपासणी झाली तर विशी-तिशीत नवी झडप बसवून हे टाळता येते. तपासणीच झाली नाही, तर त्या तरुणाच्या मृत्यूची नोंद केवळ 'हृदयविकाराचा झटका' अशी होते आणि बालपणीची शस्त्रक्रिया मात्र सरकारी तक्त्यात यशस्वी म्हणूनच कायम राहते.

रोहिण्यांच्या अदलाबदलीच्या बाबतीत तर हा धडा याहून कठोर आहे. १९५९ साली स्वीडनचे सेनिंग यांनी आणि १९६३ साली टोरांटोचे मस्टर्ड यांनी या दोषावर एक उपाय काढला. रोहिण्या तशाच ठेवायच्या आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतच रक्ताचा मार्ग वळवायचा. मुले गुलाबी झाली, शाळेत गेली, खेळली. टेबलावरचे मृत्यू कमी झाले. परंतु या रचनेत सबंध शरीराला रक्त पुरवण्याचे काम उजव्या कप्प्याकडे जाते, आणि तो त्या कामासाठी घडलेला नसतो. पंधरा-वीस वर्षांनी लय बिघडू लागली, कप्पा थकू लागला, तरुण माणसे अकस्मात मरू लागली. दरम्यान १९७५ साली साओ पाउलो येथे आदिब जातेने यांनी रोहिण्याच बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली होती. ती अवघड होती, आरंभी तिच्यात जुन्या पद्धतीपेक्षा अधिक बालके दगावत. तरीही १९८०च्या दशकात शल्यचिकित्सक तिच्याकडे वळले, कारण जुन्या पद्धतीची मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय होते हे त्यांना ठाऊक झाले होते. शस्त्रक्रियेच्या महिन्याचाच आकडा पाहिला असता तर जुनी पद्धतच श्रेष्ठ ठरली असती आणि जगभर चालू राहिली असती. दीर्घकालीन नोंद ही शास्त्राची हौस नाही. कोणती शस्त्रक्रिया करावी आणि कोणती करू नये हे तिच्यावाचून कळतच नाही.

याहून गंभीर दोष असा की हृदयाला कामाचा असा एकच खालचा कप्पा असतो. अशा बालकांवर एक नव्हे, बहुधा तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात: एक जन्मानंतर लगेच, दुसरी सुमारे सहा महिन्यांनी, तिसरी दोन ते चार वर्षांच्या वयात. पहिल्या वेळी पुष्कळदा साडेतीन-चार मिलिमीटर व्यासाची एक कृत्रिम नळी बसवली जाते. नळी वाढत नाही, मूल वाढते. पुढचा टप्पा वेळेवर झाला नाही तर ज्या नळीने मूल वाचले तीच त्याला अपुरी पडते. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र पहिल्याच दिवशी 'एक शस्त्रक्रिया पूर्ण' असे लिहिले गेलेले असते. तिसरा टप्पा, जो फ्रान्समधील बोर्दो येथील फोंतां यांच्या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या कल्पनेवर उभा आहे, तो पार पडल्यावरही कथा संपत नाही. हृदयाच्या धक्क्यावाचून रक्त फुप्फुसांत जात राहते, शिरांतला दाब वाढलेला राहतो, आणि काही वर्षांनी यकृत घट्ट होऊ लागते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे यकृत तपासावे लागते हे ज्या पालकाला कोणी सांगितलेलेच नाही, तो ते कोठे आणि कशासाठी तपासून घेणार?

शरीरापलीकडेही परिणाम आहेत. बॉस्टन येथे १९८८ ते १९९२ या काळात नवजात अवस्थेत रोहिण्या बदललेल्या मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना शाळेत कधी ना कधी विशेष साहाय्य घ्यावे लागले होते. अवधान टिकवणे, योजनापूर्वक काम करणे, हातांचे सफाईदार काम यांत अडचणी आढळल्या. तिथे निदान कोणीतरी शिक्षकाला सांगितले की या मुलाच्या मेंदूला जन्मतःच प्राणवायू कमी पडला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत असे मूल 'ढ' ठरते, सातवी-आठवीत गळते, आणि त्याच्या गळण्याचा संबंध हृदयाशी आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. त्या यादीत हृदयविकार नाही. रोजगार हमीच्या कामावर खड्डा खणणाऱ्या तरुणाला दम लागतो म्हणून हलके काम मागायचे, तर या कायद्याचा आधार त्याला घेता येत नाही.

हे सर्व मोजता येते काय? येते, आणि मोजले गेलेलेही आहे. फिनलंडमध्ये १९५३ ते १९८९ या काळात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या एकूण एक मुलांची, म्हणजे ६,४६१ जणांची यादी तयार करून २००१ साली त्यांचा हिशेब प्रसिद्ध करण्यात आला. त्यांपैकी ९६ टक्के जणांचा ठावठिकाणा लागला. पंचेचाळीस वर्षांनंतर ७८ टक्के हयात असल्याचे दिसले. सामान्य लोकसंख्येत ते प्रमाण ९३ टक्के होते. हे फिनिश डॉक्टरांच्या बुद्धिमत्तेचे कौतुक नव्हे. शस्त्रक्रिया सार्वजनिक रुग्णालयांत झाल्या होत्या, नोंदी एका ठिकाणी होत्या, आणि प्रत्येक नागरिक राष्ट्रीय नोंदवहीत होता, म्हणून हे शक्य झाले. भारतातही प्रत्येक मुलाला बारा अंकी क्रमांक देण्याची यंत्रणा उभी राहिली; पण त्या क्रमांकाचा उपयोग शिधा अडवण्यासाठी जितक्या तत्परतेने झाला तितक्या तत्परतेने एखाद्या मुलाची पुढची तपासणी चुकली हे ओळखण्यासाठी झालेला नाही.

अर्थात केवळ उपचार मोफत असले की पुरते, असेही नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात डॉक्टरची फी रुग्णाला द्यावी लागत नाही. तरीही तिथे १९८३ साली जन्मलेल्या अशा मुलांच्या अभ्यासात वयाच्या अठराव्या वर्षानंतर ६१ टक्के जण हृदयतपासणीपासून दूर गेलेले आढळले. मूल मोठे झाले, बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना सुटला, प्रौढांच्या डॉक्टरकडे कोणी पाठवले नाही, आणि मुलाला वाटले की आपण बरे झालो. जिथे फी नाही तिथे ही स्थिती असेल, तर जिथे प्रत्येक फेरीला दोन दिवसांची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि शहरातल्या मुक्कामाचा खर्च आहे तिथे काय होत असेल याची कल्पना करण्यास संशोधक लागत नाही.

भारतातील यंत्रणेकडे वळावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करण्याची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथके पाठवण्याची आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याची ही कल्पना मुळात उत्तम आहे, आणि तिच्यात राबणाऱ्या पथकांच्या, परिचारिकांच्या व आशा कार्यकर्त्यांच्या श्रमांमुळे हजारो मुले वाचली आहेत. ही कल्पना दोन टोकांना तुटते. आरंभीच्या टोकाला, अंगणवाडीतील तपासणीची वाट पाहण्याइतके आयुष्य गंभीर दोषाच्या नवजात बालकाला नसते. त्याचा दोष जन्मल्या जागी, प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी ओळखावा लागतो. हातापायाला ऑक्सिमीटर लावून करायची ही चाचणी काही मिनिटांची आणि सुईवाचूनची आहे. अमेरिकेत २०११ मध्ये तिची शिफारस झाली, आणि ज्या राज्यांनी ती सक्तीची केली तिथे या दोषांमुळे होणारे अर्भकमृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. करोनाच्या साथीत ऑक्सिमीटर गावोगाव पोचले. तेच यंत्र, नवजात बालकाच्या पायाला बसेल असा चिमटा लावून, प्रत्येक प्रसूतिगृहात सक्तीने का वापरले जाऊ नये, याचे उत्तर खर्चात सापडत नाही. दुसऱ्या टोकाला, कार्यक्रम अठराव्या वाढदिवशी संपतो. आणि टेट्रॅलॉजीच्या मुलाची गळकी झडप नेमकी त्यानंतर त्रास देऊ लागते.

मधल्या जागी आहे ते 'पॅकेज'. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या, पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिल्या गेलेल्या जनआरोग्य योजनेने आणि २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने सरकारची भूमिका बदलून टाकली. सरकार रुग्णालय चालवणारे राहिले नाही. शस्त्रक्रिया विकत घेणारे गिऱ्हाईक झाले. महाराष्ट्राच्या योजनेत आरंभी ९७१ उपचारांबरोबर पाठपुराव्याची १२१ पॅकेजेही नोंदलेली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाठपुरावा हे पॅकेज असू शकते, या कल्पनेतच घोटाळा आहे. पॅकेज म्हणजे आरंभ, शेवट आणि किंमत ठरलेली वस्तू. हृदयदोषाच्या मुलाला लागते ते नाते, ज्याला आरंभ आहे पण शेवट नाही. ज्याला प्रत्येक कृतीमागे पैसे मिळतात त्या रुग्णालयाला चार वर्षांच्या धडधाकट मुलाचे साधे छिद्र बुजवणे परवडते; तीन किलोच्या बाळाला तीन आठवडे अतिदक्षता विभागात ठेवणे परवडत नाही, आणि अठरा वर्षांनी त्याची इको तपासणी करणे तर त्याच्या हिशेबातच नसते. ही कोणा एका डॉक्टरची नियत नाही. जे विकत घेतले जाते तेच पिकवले जाते, हा बाजाराचा साधा व्यवहार आहे.

खासगी भांडवलावाचून ही अवघड शाखा भारतात वाढलीच नसती, असे या व्यवस्थेचे कैवारी सांगतात. हे इतिहासाला धरून नाही. परळच्या गिरणगावात मुंबई महापालिकेने १९२६ साली उभारलेल्या केईएम रुग्णालयातच पी. के. सेन यांनी १९६८ साली हृदयारोपणाचा भारतातला पहिला प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही. पण जगातले पहिले हृदयारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झालेले नव्हते, आणि हे धाडस करणारे रुग्णालय कामगारांच्या वस्तीतले आणि करदात्यांच्या पैशांवर चालणारे होते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल या सार्वजनिक संस्थेने वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी हृदयझडप बनवली आणि १९९० साली ती प्रथम रुग्णाला बसवली. परदेशी झडपेहून ती कितीतरी स्वस्त पडली. पुढे सार्वजनिक संस्थांना जागा, पगार आणि यंत्रे नाकारण्यात आली, आणि मग त्या अकार्यक्षम आहेत असा निकाल देण्यात आला.

सार्वजनिक म्हणजे आपोआप निर्दोष, असे समाजवाद्यांनीही म्हणू नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील ब्रिस्टल येथील रुग्णालयात १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असा निष्कर्ष केनेडी चौकशी समितीने २००१ साली काढला. स्टीफन बोल्सिन हा भूलतज्ज्ञ कित्येक वर्षे सावध करीत होता. त्याचे कोणी ऐकले नाही, आणि शेवटी तो ऑस्ट्रेलियात निघून गेला. मात्र त्या प्रकरणाचा शेवट असा झाला की ब्रिटनमध्ये प्रत्येक रुग्णालयाचे बालहृदयशस्त्रक्रियांचे निकाल नावानिशी जाहीर होऊ लागले. भारतातल्या एखाद्या पालकाने विचारावे की अमुक रुग्णालयात गेल्या वर्षी किती नवजात बालकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि किती वाचली. त्याला उत्तर देण्यास कोणीही बांधलेले नाही. सरकार पैसे मोजते, पण माल कसा निघाला हे विचारत नाही. असा गिऱ्हाईक कोणत्याही व्यापाऱ्याला आवडेल.

आणि ज्या हिशेबात मुले नाहीत, त्यात मुली तर नाहीतच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी एका वर्षात ७० टक्के मुलग्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. मुलींच्या बाबतीत हे प्रमाण ४४ टक्के होते. छातीवर व्रण असलेल्या मुलीचे लग्न कसे होणार, ही चिंता त्यामागे होती. दोष हृदयात जन्मजात असतो. हा दुसरा दोष घरात शिकवला जातो. ज्या मुलीवर शस्त्रक्रिया होते तिच्याही बाबतीत पुढची तपासणी लग्नापूर्वी लपवली जाते आणि लग्नानंतर थांबते. मग बाळंतपणाच्या वेळी तिचे हृदय किती भार सोसेल हे आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला कळण्याचा मार्गच उरत नाही.

साथींमध्येच एक आक्षेप वारंवार ऐकू येतो, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. मेळघाटात मुले कुपोषणाने मरतात, आरोग्य केंद्रांत साधी औषधे नाहीत, अशा देशाने एका अर्भकाच्या हृदयावर लाखो रुपये खर्च करावेत काय? १९४६ चा भोर समितीचा अहवाल, १९७८ ची अल्मा-आटाची घोषणा यांचे दाखले दिले जातात. आक्षेप प्रामाणिक आहे, पण चुकीचा आहे. भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये असे म्हटले होते. गरिबाला लस आणि श्रीमंताला शस्त्रक्रिया अशी वाटणी तिने केली नव्हती. शिवाय जसजसे जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषण हटते तसतसा उरलेल्या अर्भकमृत्यूंत जन्मजात दोषांचा वाटा वाढत जातो. २०२० साली देशाचा अर्भकमृत्युदर हजारी २८ होता आणि केरळचा ६. याच केरळच्या सरकारने २०१७ साली 'हृद्यम' हा कार्यक्रम सुरू केला. निदान होताच बालकाची नोंद, निकडीप्रमाणे क्रम, आणि मोफत उपचार अशी त्याची रीत आहे. ज्या राज्याने प्राथमिक आरोग्यसेवा बळकट केली तेच राज्य नवजात हृदयापर्यंत पोचले, आणि त्यासाठी प्राथमिक सेवा मोडावी लागली नाही.

आदिब जातेने यांचे उत्तरायुष्य या वादात उपयोगी पडेल. ब्राझीलच्या दुर्गम आक्रे प्रांतात रबराच्या मुलखात ते जन्मले. वडील पिवळ्या तापाने, म्हणजे लस देऊन टाळता येणाऱ्या रोगाने गेले. नवजात हृदयावरची शस्त्रक्रिया जगाला दिल्यानंतर हा माणूस दोनदा देशाचा आरोग्यमंत्री झाला, आणि १९९६ साली बँक व्यवहारांवर अल्पसा कर बसवून तो पैसा सार्वजनिक आरोग्यसेवेला मिळावा म्हणून त्याने संसदेशी झुंज दिली. कर मंजूर झाला. अर्थखात्याने एका हाताने तो देऊन दुसऱ्या हाताने आरोग्याची इतर तरतूद आखडती घेतली, तेव्हा त्याने राजीनामा दिला. पिवळा ताप आधी की रोहिण्या आधी, हा प्रश्न त्याला पडला नाही; पैसा कोणाकडून घ्यायचा हा प्रश्न त्याने विचारला. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. म्हणजे कुपोषित मूल आणि हृदयदोषाचे मूल यांना एकाच अपुऱ्या भाकरीसाठी भांडायला लावले जाते, आणि भाकरी अपुरी कोणी ठेवली हे विचारले जात नाही.

मागण्या करायच्या तर त्या नेमक्या हव्यात. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाची राज्याच्या एका सार्वजनिक नोंदवहीत कायमची नोंद झाली पाहिजे, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला त्या नोंदवहीत निकाल भरणे बंधनकारक असले पाहिजे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा केंद्रांत ठरलेल्या वारी हृदयतपासणी व्हावी, तिथे इको यंत्राबरोबर ते चालवणारा माणूसही कायम नेमणुकीवर असावा, आणि येण्याजाण्याचे भाडे व बुडालेली मजुरी पालकाला तिथेच मिळावी. अठरा वर्षांची अट काढून टाकावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशा प्रौढांसाठी वेगळा विभाग असावा. यांतील एकही मागणी चंद्रावर जाण्याइतकी महाग नाही.

तोवर पक्षाच्या तालुका शाखांना करण्यासारखे एक काम आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाकडे दोनच आकडे मागावेत. नावे मागू नयेत, तो मुलांचा खासगी भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून २०१३ पासून या जिल्ह्यातल्या किती मुलांवर हृदयशस्त्रक्रिया झाल्या. आणि त्यांपैकी किती मुलांना गेल्या बारा महिन्यांत डॉक्टरने तपासले. पहिला आकडा बहुधा आठवड्याभरात येईल. दुसऱ्या आकड्याऐवजी 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर ते उत्तर जपून ठेवावे, अपील करावे, आणि विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात सर्व जिल्ह्यांची उत्तरे एकत्र सभागृहात मांडली जातील अशी व्यवस्था करावी.